पितराच्या पाटावर

मी चांगला धडधाकट माणूस आहे. नरडाण्याला एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, दोन वेळ पोटभर जेवतो आणि वाढलेलं पोट सोडलं तर माझ्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. तरी कित्येक वर्षं आखाजीच्या दिवशी मी एका मेलेल्या माणसाच्या पाटावर बसून त्याच्या नावाने जेवत आलो. कारखान्यात एकदा पुण्याकडच्या एका साहेबांना हे सांगायला गेलो, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी निमूटपणे मशीनचा विषय काढला. तेव्हापासून बाहेरच्यांना सांगत नाही. इथे सांगतोय कारण मला स्वतःलाच या प्रकरणाचा पत्ता लागत नाही, आणि सांगता सांगता लागला तर बरंच आहे.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकीचे त्या दिवशी सोनं घेतात, आमच्याकडे त्या दिवशी पितर जेवायला येतात. गेलेल्याच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर मांडायची, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर आंबा नाहीतर डांगर, म्हणजे खरबूज. चुलीतल्या निखाऱ्यांवर घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आणि गेलेल्याच्या जागी एक जिवंत माणूस जेवायला बसवायचा, त्यालाच पितर म्हणायचं. उंबऱ्यात त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं. तो जेवेपर्यंत घरातलं कोणी तोंडात घास घालत नाही. म्हातारा गेला असेल तर म्हातारा बसवतात, सवाष्ण गेली असेल तर सवाष्ण. बिनलग्नाचा पोरगा गेला असेल तर बिनलग्नाचाच पोरगा लागतो. मी बिनलग्नाचा होतो, त्याच्याच वयाचा होतो आणि त्याच्या घरासमोर राहत होतो. एवढ्यावर माझी निवड झाली.

तो म्हणजे माझा मित्र. फौजेत होता. आता त्याच्यावर दरवर्षी पंधरा ऑगस्टला भाषणं होतात, आणि लहानपणापासून त्याला देशसेवेचा ध्यास होता असं सांगतात. असेल बुवा. मला आठवतं ते असं की त्याने रेल्वेत अर्ज टाकला होता, पोलिसात टाकला होता, फौजेत टाकला होता, आणि जिथून आधी बोलावणं येईल तिकडे जाऊ म्हणत होता. आम्ही दोघंही पहाटे स्टेशनच्या रस्त्याने पळायचो. तो पुढे, मी मागे त्याला शिव्या देत. तो भरती झाला, मी छातीच्या मापात उडालो. रडलो नाही, उलट पहाटे उठायची कटकट गेली म्हणून बरं वाटलं.

खाण्याच्या बाबतीत तो वेडा होता. गोडाचं आणि त्याचं वाकडं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला की स्वारी खूश. लग्नाच्या पंगतीत तो आपली जिलबी माझ्या पानात टाकायचा आणि मी माझ्या मिरच्या त्याच्या पानात. लहानपणापासून आमचा हा करारच होता. मला मिरची बिलकूल सोसत नाही. खानदेशात जन्मून मिरची सोसत नाही हे सांगायची लाज वाटते, पण काय करणार.

त्या हिवाळ्यात तो वर बर्फात होता. फोनवर म्हणायचा, फ्रीजमध्ये राहतोय भो, तुला पाठवू का थोडा गारवा. मग सीमेपलीकडून तोफगोळे पडायला लागले. टीव्हीवाले आधी युद्ध म्हणाले, मग चकमक म्हणाले, मग वेगळ्याच बातमीवर गेले. या मधल्या वेळात तो गेला. युद्धात गेला की चकमकीत, हे मला आजही धड सांगता येत नाही. गावाच्या वेशीवरच्या फलकावर 'युद्धात' असं लिहिलंय, म्हणून मीही तसंच म्हणतो.

पेटी यायला फार वेळ लागला. वर हवामान खराब होतं म्हणे. आली तेव्हा अख्खी पंचक्रोशी लोटली, घोषणा सुरू होत्या, आणि पेटी उघडायची नाही असं सांगण्यात आलं. त्याच्या आईला सगळं गाव अक्का म्हणतं. अक्का त्या पेटीवरून हात फिरवत राहिली, वरून खाली, खालून वर. आत तो कोणत्या बाजूला डोकं करून आहे तेही तिला कोणी सांगितलं नाही. माझ्या आईला ती नंतर म्हणाली, "म्हनतस हाऊच शे. मी कशी वयखू?" हाच आहे म्हणतात, पण मी ओळखू कशी.

पहिली आखाजी आली तेव्हा अक्का आमच्या ओट्यावर येऊन मला म्हणाली, यंदा तू बसशील का. मी बावचळलो. मी माझ्या आईकडे बघितलं, ती चुलीकडे बघत होती. हो म्हणालो.

अक्काला माझ्या होकाराची काळजीच नव्हती. तिची काळजी वेगळी होती. ती तशीच ओट्यावर बसून राहिली आणि म्हणाली, "इतला दूरथीन तो येई का रे? वाट सापडी का त्याले?" गावात, शेतात, फार तर धुळ्याच्या दवाखान्यात गेलेली माणसं आखाजीला घरी येतात हे तिने आयुष्यभर गृहीत धरलेलं. पण हा गेला कुठे, तर जिथे झाड नाही, रस्ता नाही, नुसतं पांढरं. तिथून आपल्या गल्लीपर्यंत तो कसा येणार. मी म्हणालो, "येईल की अक्का, सुट्टीला येतच होता ना." दुसरं काही सुचलं नाही. ती पदर सावरून उठून गेली.

त्या दिवशी तिने त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं. रीतीपुरती खापरावरची पुरणपोळी, म्हणजे आमचे मांडे, आणि आमरस होता, पण ताटात मधोमध कळण्याची भाकरी आणि लिंबाएवढा ठेच्याचा गोळा. त्याच्या वडिलांनी, आबांनी, माझे पाय धुतले. ज्यांनी मला चिंचा पाडताना काठी घेऊन पळवलं होतं ते आबा माझे पाय धुताहेत म्हटल्यावर माझी काय अवस्था झाली असेल. दारात बायका दाटीवाटीने उभ्या. समोर घागर. अक्का चुलीपाशी पदर तोंडाला लावून.

मी ठेच्याला हात लावला. न लावून सांगतो कोणाला, पितराने पान टाकायचं नसतं. दुसऱ्या घासाला कान तापले, तिसऱ्याला नाक गळायला लागलं आणि मग डोळ्यांतून जी धार लागली ती थांबेचना. मी खात होतो आणि डोळे वाहत होते. दारातल्या बायका मोठ्याने रडायला लागल्या. आबा उठून बाहेर गेले. मी तो सगळा गोळा संपवला. त्या ताटावर तिखटाने रडलो की त्याच्यासाठी रडलो, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आज विचारलंत तर आजही सांगता येणार नाही. सुरुवात मिरचीने झाली हे नक्की.

पुढच्या वर्षी ताटात ठेचा नव्हता.

मी म्हटलं, सुटलो. मांडे होते, रस होता, तुपात तळलेल्या सांजोऱ्या होत्या. गोडाचं ताट समोर आलं की मी कोणाचा पितर आहे ते विसरतो, हे कबूल करतो. त्यानंतर दरवर्षी तसंच. ताट अधिकाधिक गोड होत गेलं, मी आडवा हात मारत गेलो आणि अक्का समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. पुढे कधीतरी शेजारची बाई म्हणाली, केवढे मांडे केलेस अक्का. तर अक्का सहज म्हणाली, "मना पोऱ्याले गोड भारी आवडे."

माझ्या हातातला घास हातात राहिला. मी तिच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती, काही नव्हतं. ही त्याची आई. हिने त्याला लहानपणी पुरणाचा घास भरवताना तो कसा थुंकायचा ते मी या डोळ्यांनी बघितलंय. ही विसरली? की मीच चुकीचं आठवतोय? घरी येऊन माझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, आता कशाला उकरून काढतोस, म्हातारीला समाधान आहे ना. आईच्या दृष्टीने विषय संपला.

माझा संपेना. कारण तोवर गावात सगळीकडे हेच चाललं होतं. शाळेच्या कार्यक्रमात सांगायचे, तो अत्यंत अबोल होता. अबोल? त्याच्या बडबडीला कंटाळून मास्तर त्याला वर्गाबाहेर काढायचे. त्याचा जो फोटो दरवर्षी फ्लेक्सवर छापतात तो सुट्टीत काढलेला, त्यात मी त्याच्या शेजारी होतो. मला कापलं, ठीक आहे, मी काही शहीद नाही. पण त्याच्या खांद्यावर माझी चार बोटं राहून गेली आहेत. दरवर्षी चौकात माझी चार बोटं लागतात आणि ती कोणाची हे कोणी विचारत नाही. मी एकदा फ्लेक्सवाल्याला म्हणालो, अरे, ती बोटं तरी काढ. तो म्हणाला, राहू द्या भाऊ, कोणी बघत नाही.

मग माझं लग्न ठरलं. पोटही वाढलं होतं, वयही, आई मागे हात धुऊन लागली होती. अक्काच्या घरी पत्रिका द्यायला गेलो तेव्हा ती आधी हसली, माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मग पत्रिका उलटीसुलटी करायला लागली. आता मला पाटावर बसता येणार नव्हतं, हे तिच्या आणि माझ्या एकाच वेळी लक्षात आलं. आबा म्हणाले, त्याचा चुलतभाऊ आता कॉलेजात आहे, तो बसेल. ठरलं. मी बाहेर पडलो आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तर उलट कोणीतरी माझी जागा घेतल्यासारखा राग आला. कोणाची जागा, कसली जागा, तिच्यायला. मेलेल्याच्या पाटासाठी मत्सर करणारा माझ्यासारखा मीच.

लग्नानंतरच्या आखाजीला अक्काने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, नुसतं पाहुणे म्हणून. गल्ली ओलांडता ओलांडता बायकोने सहज विचारलं, "तुमच्या मित्राला काय आवडायचं हो?"

मी म्हणालो, "मांडे."

बोलून गेलो आणि जागच्या जागी थांबलो. आता माझ्याही तोंडून तेच. अक्का विसरली होती, गाव विसरलं होतं, आणि शेवटचा मी होतो, तोही गेला. बायको विचारत होती काय झालं, चप्पल तुटली का. मी म्हणालो, काही नाही. पण मनात ठरवलं की आज अक्काला सांगायचं. त्याला गोड चालायचं नाही, ताटात ठेचा ठेव, एवढं साधं. नव्या पोराला सुरुवातीपासून गोड वाढलं की मग कायमचं तेच होणार होतं.

बायको अंगणात बायकांबरोबर कुरडया तळायला बसली. चुलतभाऊ मोटारसायकलवर टेकून मोबाईल बघत होता, पाय धुवायची वाट बघत. मी आत गेलो. अक्का चुलीपुढे, खापरावर मांडा टाकत होती. ताट तयार होतं. मांडे, रस, सांजोऱ्या.

मी म्हणालो, "अक्का, ठेचा नाही केला?"

तिने वर बघितलं नाही. "नही," म्हणाली.

"त्याला गोड आवडायचं नाही, अक्का."

"माले माहीत नही का? मी त्यानी माय शे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे ती काही विसरली नव्हती. मग इतकी वर्षं हे काय चाललं होतं ते मला कळेना, आणि मी तसंच विचारलं.

तिने मांडा उलथला. मग सांगायला लागली. पहिल्या वर्षी तू ठेचा खाल्लास आणि रडायला लागलास. "तुना डोयामा पाणी देखं आनी माले वाटनं, तो ईसन रडी ऱ्हायना." तुझ्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि मला वाटलं, तो येऊन रडतोय. इतक्या लांबून आला, घरचा ठेचा तोंडात पडला, आणि पोराला घर आठवलं. वर्षातून एक दिवस यायचं आणि रडत जेवायचं? म्हणून तिने ठरवलं की ज्या पदार्थाने त्याला घर आठवेल तो पानात वाढायचाच नाही. गोड आवडत नाही तर नाही, पण निदान रडत उठणार नाही. आणि लोक विचारायचे इतकं गोड कशाला, त्यांना काय काय सांगत बसायचं, म्हणून त्याला आवडायचं असं सांगून टाकायची.

माझ्या डोक्याचा भुगा झाला. म्हणजे मी मिरचीने रडलो आणि त्यापायी माझ्या मित्राला इतकी वर्षं त्याला न आवडणारं जेवण मिळालं. आणि मिळालं कोणाला, तर खाल्लं मी, बोटं चाटून. आता काय करायचं? गप्प बसलो तर ही बाई मरेपर्यंत आपल्या पोराला ठेच्यापासून लांब ठेवणार, तिला मनातून तो करायचा असताना. बोललो तर? मला एवढंच दिसलं की तिच्या मनावरचं ओझं एका वाक्यात उतरेल. म्हणून बोललो.

"अक्का, तो रडत नव्हता. मला तिखट लागलं होतं. मला मिरची सोसत नाही, तुला माहितीय ना. ते पाणी मिरचीचं होतं."

खापरावरचा मांडा करपायला लागला. तिने तो काढला नाही. वास सुटला तसा मीच पुढे होऊन काढला, बोटं भाजून घेतली. ती माझ्याकडे बघत होती. पेटीवरून हात फिरवताना तिचं तोंड जसं झालं होतं तसं झालं होतं.

"म्हंजे," ती म्हणाली, "तवय तो उनाच नही का?"

म्हणजे तेव्हा तो आलाच नाही का. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तिला ती वाट सापडल्याची एकच खूण मिळाली होती, माझ्या डोळ्यांतलं पाणी, आणि ती मी येऊन पुसून टाकली. पेटी उघडली नव्हती, तोंड दिसलं नव्हतं, तो आला हे तिला त्या एका दुपारी कळलं होतं. मला स्वतःचा इतका संताप आला की वाटलं ते तापलेलं खापर डोक्यात घालून घ्यावं. आला होता म्हणावं तर कशाच्या जोरावर म्हणू. नव्हता म्हणायला जीभ रेटेना. खरं काय ते मला माहीत असतं तर एक तरी बोललो असतो.

बाहेरून आबांची हाक आली, पाय धुवायला पाणी आणा.

मग अक्काने विचारलं, "तितला ठेचा तू बठ्ठा खाध्दा व्हता?"

"हो," मी म्हणालो. "सगळा. बठ्ठा."

"आनी पाणी?"

"काय पाणी?"

"पाणी नही मांगं तू. मी तांब्या लिसन उभी व्हती." तांब्या घेऊन मी उभी होते, तू पाणी मागितलं नाहीस.

मी आठवून बघितलं. खरंच नव्हतं मागितलं. पंगतीत एक मिरची दाताखाली आली तर तांब्या रिकामा करणारा मी, तो लिंबाएवढा गोळा संपेपर्यंत पाण्याला हात लावला नव्हता. का नव्हता लावला? पितराने मध्ये पाणी मागू नये अशी काही रीत नाही. लाजलो म्हणावं तर इतक्या आगीत कोण लाजतो. मी म्हणालो, "नाही मागितलं. का ते मला सांगता येत नाही, अक्का."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मना पोऱ्या ठेचा खाये तवय पाणी पिये ना."

म्हणजे माझा पोरगा ठेचा खाताना पाणी प्यायचा नाही.

"मंग उनथा तो," ती म्हणाली. मग आला होता. पदराने तोंड पुसलं, खापर उतरवून चुलीवर तवा ठेवला आणि मिरच्यांची टोपली पुढे ओढली. बाहेर आबांना ओरडून सांगितलं, पोराला जरा थांबवा, ताट अजून व्हायचं आहे.